कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून पिकअप घ्यावी का?

रंधा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरात आम्ही पाच जण आहोत: मी, माझे पती, सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे प्रत्येक पायरी जपून चढणाऱ्या माझ्या सासूबाई. पती लाकडी फर्निचर तयार करतात. त्यासाठी महिन्यातून दोन-तीन वेळा आठ बाय चारच्या प्लायवूडच्या दहा-बारा शीट आणाव्या लागतात आणि अधूनमधून एखादे तयार कपाट किंवा टेबल ग्राहकाच्या घरी पोहोचवावे लागते. आजवर मालासाठी भाड्याचे वाहन आणि घरासाठी जुनी छोटी कार, अशी व्यवस्था होती. कार आता वारंवार काम काढते, भाड्याचे वाहन नेमके हवे त्या दिवशी मिळत नाही आणि दोन गाड्या उभ्या करायला आमच्याकडे जागा नाही. म्हणून डबल केबिनची, म्हणजे सीटच्या दोन रांगा आणि त्यांच्यामागे मालासाठी उघडा हौदा असलेली पिकअप घेऊन दोन्ही कामे तिच्यावरच भागवावीत, असा विचार घरात सुरू झाला आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही सगळे मिळून दोन पिकअप पाहून आलो. मुलगी झटकन मागे चढून बसली आणि उतरायलाच तयार होईना. सासूबाईंनी मात्र मागचे दार उघडून एक हात सीटवर आणि दुसरा दाराच्या कडेवर ठेवला, पाय उचलून पाहिला, पुन्हा खाली टेकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही चक्कर मारून या, मी इथे बाकावर बसते." त्या वाक्यानंतर माझा उत्साह ओसरला, कारण जी गाडी घरातल्या एका माणसाला घरीच बसवते तिला कुटुंबाची गाडी म्हणणे मला जड जाते.

ज्यांनी पिकअप घरची गाडी म्हणून काही वर्षे वापरली आहे, त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की हौदा रिकामा असताना मागे बसणाऱ्यांना हिसके किती बसतात, आणि दोन लहान मुलांच्या सीट मागे नीट बसतात का. माहितीपत्रकात भारक्षमता एक टन लिहिली आहे; पाच माणसे बसल्यावर त्यातले हौद्यासाठी किती उरते, हेही मला कळलेले नाही. प्रवासाच्या बॅगा हौद्यात ठेवल्या तर पावसात त्यांचे काय होते, हा प्रश्न लहान वाटेल, पण घरात तो रोज विचारला जातो.

लांबचा रस्ता

मी सात वर्षे डबल केबिनची पिकअप घरची एकमेव गाडी म्हणून वापरत आहे. आपल्या सासूबाईंच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या आईच्या बाबतीत हाच प्रसंग आमच्याकडे घडला होता आणि त्यावर उपाय सापडायला आम्हाला उगीचच वर्ष लागले.

अशा गाडीची जमिनीपासूनची उंची मुळातच जास्त असते आणि केबिन चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेली असल्यामुळे तळ आणखी वर जातो. बाजूला गोल नळीची पायरी लावण्याची पद्धत आहे. ती दिसायला चांगली असली, तरी ओल्या चपलेखाली निसरडी होते आणि पाऊल तिच्यावर पूर्ण टेकत नाही. त्याऐवजी पाऊलभर रुंदीची, खरबरीत पृष्ठभागाची सपाट पायरी लावून घ्या आणि मधल्या खांबावर मागच्या प्रवाशासाठी मूठ आहे का, ते पाहा. मूठ नसेल तर वयस्कर माणूस पुढच्या सीटची पाठ धरून चढते, आणि पुढे बसलेल्याने नेमकी त्याच वेळी सीट मागे-पुढे केली तर तोल जातो. चढण्यापेक्षा उतरणे अधिक अवघड असते, कारण उतरताना पाय जमीन शोधत असतो आणि डोळ्यांना ती दिसत नाही. त्यामुळे सासूबाईंना गाडीत बसवून पाहाल तेव्हा त्यांना किमान तीन वेळा उतरूनही पाहायला सांगा.

आता हिसक्यांविषयी. बहुतेक पिकअपच्या मागच्या एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, कमानपाटे (एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात, आणि ते हौद्यात भरलेला माल तोलण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की त्या पाट्यांना दबायला वजनच मिळत नाही, मग लहानशा खड्ड्यावरही गाडीचा मागचा भाग उडतो आणि ती उडी मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत जाते. चालवणाऱ्याला त्याची तितकी जाणीव होत नाही, कारण तो दोन्ही एक्सलच्या मध्ये बसलेला असतो. ही गोष्ट मला माझ्या मुलाने सांगेपर्यंत कळली नव्हती. पहिल्याच वर्षी मी एकदा पत्नीला चालवायला देऊन स्वतः मागे तासभर बसलो, आणि नेहमीच्या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक मला पहिल्यांदा मोजता आले.

त्यानंतर मी एक महिनाभर वहीत टिपून ठेवले की गाडी कोणत्या दिवशी भरलेली होती आणि कोणत्या दिवशी रिकामी. तीस दिवसांपैकी चार दिवस हौद्यात खरोखर माल होता. उरलेले सव्वीस दिवस आम्ही शाळा, दवाखाना, बाजार आणि नातेवाईक यांच्यासाठी रिकामा हौदा फिरवत होतो. आपल्याकडेही महिन्यातून दोन-तीन वेळाच माल असेल, तर गाडी त्या दोन-तीन दिवसांसाठी निवडू नका, उरलेल्या सत्तावीस दिवसांसाठी निवडा. विक्रेता भारक्षमतेविषयी आणि ओढण्याच्या ताकदीविषयी उत्साहाने बोलेल. तुम्ही मात्र गाडी रिकामी चालवून, खराब रस्त्यावर, मागे बसून पाहा.

हौद्यातल्या बॅगांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रश्न लहान नाही. उघड्या हौद्यात बॅगा ठेवून प्रवास करणे मी पहिल्या सहलीनंतर बंद केले. मग घडीचे कडक झाकण बसवले आणि आता प्रश्न मिटला असे समजलो. त्या झाकणाखाली पावसाचे पाणी वरून आले नाही, ते फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराच्या, कोपऱ्यांतून आले. मागच्या टोकाला ठेवलेल्या दोन बॅगा खालून भिजल्या आणि केबिनलगतच्या कोरड्या राहिल्या. कच्च्या रस्त्यावर धुळीचेही तसेच होते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. झाकण उघडले, तेव्हा फाळक्यापासून पंख्याच्या आकारात पसरलेला बारीक धुळीचा थर मी स्वतः पाहिला आहे. फाळक्याभोवती रबराची पट्टी लावल्यावर दोन्ही त्रास खूप कमी झाले, तरी आजही कपडे आणि कागदपत्रे आम्ही झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत ठेवतो आणि त्या पेट्या केबिनकडच्या बाजूला, पट्ट्याने बांधून ठेवतो. बांधणे सोडू नका; अचानक ब्रेक लागला की सुटी पेटी केबिनच्या मागच्या भिंतीवर आदळते.

पूर्ण उंचीचा बंद टप बसवला तर कुलूपबंद जागा भरपूर मिळते, पण आपले कपाट उभे करून न्यायचे असेल तर टप अडचणीचा ठरेल आणि तो काढायला दोन माणसे लागतील. आपल्या कामासाठी मी घडीचे झाकण सुचवेन.

पार्किंगविषयी एवढेच सांगतो की मध्यम आकाराची डबल केबिन साधारण ५.३ मीटर लांब असते आणि गाड्या उभ्या करण्याचे बरेच चौकोन ५ मीटरच्या आसपासचे असतात. घेण्यापूर्वी स्वतःच्या जागेत खडूने लांबी-रुंदी आखून, चारही दारे उघडण्याची जागा धरून पाहा. छोट्या कारनंतर वळण्यासाठी लागणारी जागा जास्त वाटेल, आणि काही महिने तरी प्रत्येक अरुंद वळणावर एकदा मागे घ्यावी लागेल.

कार्यशाळा

माझा व्यवसाय गाड्या दुरुस्तीचा आहे आणि पिकअप माझ्याकडे नियमित येतात. आपल्या भारक्षमतेच्या प्रश्नाचे उत्तर हिशेब मांडूनच द्यावे लागेल.

गाडीचे जास्तीत जास्त अनुज्ञेय एकूण वजन आणि तिचे रिकामे वजन यांतील फरक म्हणजे भारक्षमता. ही क्षमता केवळ हौद्याची नसते. माणसे, मुलांच्या सीट, बसवून घेतलेली पायरी, झाकण, पुढचा लोखंडी गार्ड, हे सगळे तिच्यातूनच वजा होते. काही देशांत रिकाम्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात आणि काही ठिकाणी नसतात, म्हणून माहितीपत्रकातील तळटीप वाचावी. तुमच्या घरातील तीन मोठी माणसे २०० किलो, दोन मुले आणि त्यांच्या सीट ५५ किलो, पायऱ्या आणि झाकण ७० किलो असे धरले, तर सव्वातीनशे किलो हौद्यात काहीही न ठेवताच संपले. एक टनातून उरतात ६७५ किलो. १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चारची प्लायवूडची शीट लाकडाच्या जातीनुसार ३० ते ३५ किलोची असते, म्हणजे बारा शीटचे साधारण ४०० किलो झाले. तुमचे काम त्यात बसते. मात्र पुढे कधी ट्रेलर जोडलात, तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकवर येतो आणि तोही याच भारक्षमतेतून जातो. १५०० किलोचा ट्रेलर म्हणजे आणखी १५० किलो गेले. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही आणि मग पाटे बसलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

वजन किती, याइतकेच ते कुठे ठेवले, हेही महत्त्वाचे आहे. डबल केबिनमध्ये माणसांसाठी जागा काढताना हौदा मागे सरकतो आणि त्याचा बराच भाग मागच्या एक्सलच्या पलीकडे जातो. जड वस्तू फाळक्याजवळ ठेवली की तराजूप्रमाणे गाडीचे नाक वर उचलले जाते. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलके लागते आणि पुढचे ब्रेकही पूर्ण पकड घेत नाहीत. जड ते केबिनकडे, हलके ते फाळक्याकडे, हा क्रम मोडू नका.

हिसक्यांविषयी "लांबचा रस्ता" यांनी लिहिले ते बरोबर आहे, त्यात टायरमधील हवेची भर घालतो. चालकाच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यावर बहुधा कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा असे दोन आकडे असतात. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती पिकअपपैकी बऱ्याच गाड्यांच्या मागच्या टायरमध्ये बारा महिने पूर्ण भाराची हवा भरलेली असते. रिकाम्या गाडीत ती हवा हिसके वाढवते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी करते. माल आणण्याच्या दिवशी हवा वाढवा, दुसऱ्या दिवशी तक्त्याप्रमाणे कमी करा. त्यासाठी हवेचा छोटा पंप आणि दाबमापक गाडीत ठेवा. काही जण हिसके कमी व्हावेत म्हणून हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून ठेवतात. त्याने फरक पडतो, पण गोण्या पक्क्या बांधलेल्या नसतील तर अपघातात त्याच घातक ठरतात आणि इंधन रोज जळते ते वेगळेच.

तुमच्या बाजारात मागच्या बाजूला पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग (वेटोळ्याची स्प्रिंग) असलेली पिकअप मिळत असेल, तर ती आवर्जून पाहा. निसान नवाराच्या २०१४ नंतरच्या पिढीत डबल केबिनला अशी मांडणी दिली गेली. होंडा रिजलाइन तर वेगळ्या चासीऐवजी मोटारीसारख्या एकसंध सांगाड्यावर उभी आहे. तिची चारही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत आणि हौद्याच्या तळाखाली कुलूप लावता येणारा डिकीसारखा कप्पा आहे. अशा गाड्यांची भारक्षमता शिडीच्या आकाराच्या चासीवरील गाड्यांपेक्षा कमी असू शकते. तुमच्या ४०० किलोंसाठी आणि पाच माणसांसाठी ती पुरते का, हे वरच्याच हिशेबाने तपासा.

फोर व्हील ड्राइव्हचा आग्रह तुमच्या कामासाठी मी धरणार नाही. रस्ते डांबरी असतील तर त्या यंत्रणेचे वजन तुमच्या भारक्षमतेतून उगीच जाते. पुष्कळ पिकअपमध्ये ती हवी तेव्हा जोडायची असते आणि पुढच्या व मागच्या एक्सलच्या दरम्यान, दोहोंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरेन्शियल नसते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, कोरड्या डांबरावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्ट व गिअरवर येतो. घेतलीच, तर ती चिखलात, वाळूत, बर्फात वापरा, आणि महिन्यातून एकदा सैल मातीवर थोडे अंतर जोडून चालवा, म्हणजे तेल सगळीकडे पोहोचते. त्याऐवजी गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल मात्र हवाच, कारण रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो आणि पावसात वळणावर तोच आधी सुटतो.

डिझेल घेणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्या. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर ठरावीक काळाने ती जाळून स्वतःला साफ करतो आणि त्यासाठी धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते. रोज दोन किलोमीटरवरची शाळा आणि परत, एवढेच चालवले तर ते तापमान गाठले जात नाही. सफाई अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि इंजिनच्या तेलात डिझेल मिसळू लागते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात चालवणे जमणार नसेल, तर पेट्रोल किंवा हायब्रिड पाहावे.

मागची सीट

मी चार वर्षे डबल केबिन वापरली आणि गेल्या वर्षी विकली. मुलांच्या सीटविषयी लिहिते, कारण आमचा निर्णय त्यावरच ठरला.

पिकअपच्या मागच्या सीटची पाठ केबिनच्या भिंतीला टेकलेली असते, त्यामुळे ती बरीच उभी असते आणि मागे रेलता येत नाही. सात वर्षांच्या मुलीला बूस्टरवर (उंची वाढवणाऱ्या बैठकीवर) काही अडचण येणार नाही. मात्र झोपली की तिची मान पुढे पडेल. दीड वर्षाच्या मुलाची सीट आपण अजून मागे तोंड करून लावत असाल, आणि तशी लावणे त्या वयात अधिक सुरक्षित असते, तर तिला पुढून-मागून इतकी जागा लागते की पुढची सीट सरकवावीच लागते. माझे पती उंच आहेत. आमच्या मुलाची सीट त्यांच्या पाठीमागे लावली, की त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. मुलाची सीट सोबत नेऊन, लावून आणि पुढे तुमच्या घरातील सर्वांत उंच माणूस बसवूनच पाहा.

तोंड पुढे करून लावलेल्या सीटचा वरचा पट्टा मोटारीत सहसा सीटच्या पाठीमागच्या आकड्यात अडकवतात. पुष्कळ पिकअपमध्ये तिथे हात जायला जागाच नसते, म्हणून सीटच्या वरच्या टोकाशी कापडी फासा दिलेला असतो. पट्टा त्यातून ओवून शेजारच्या फाशाला किंवा मधल्या आकड्याला अडकवायचा असतो. आम्ही पहिले दोन महिने तो नुसताच फाशाला अडकवून ठेवला होता. गाडीची पुस्तिका वाचल्यावर चूक कळली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी असते, म्हणून पुस्तिकेतील ते पान मुलांना बसवण्यापूर्वी वाचा. शिवाय मधली जागा पट्ट्यांनी व्यापली, की तिथे सासूबाईंना बसता येईल का, हेही पाहावे लागेल. दोन सीट आणि मध्ये गुडघे दुखणारी व्यक्ती, ही मांडणी माझ्या मते टिकणारी नाही. त्या पुढे बसतील आणि आपण मागे, मुलांच्या मध्ये.

अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२२ मध्ये आपल्या समोरच्या धडकेच्या चाचणीत चालकाच्या मागे एक लहान चणीची बाहुली बसवायला सुरुवात केली. त्या चाचणीत गेलेल्या लहान डबल केबिन पिकअपपैकी पहिल्या फेरीत एकीलाही सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती. म्हणून गाडीची सरसकट तारांकित श्रेणी न पाहता, मागच्या प्रवाशाच्या संरक्षणाचा निकाल स्वतंत्रपणे शोधा आणि मागच्या सीटबेल्टना धडकेच्या क्षणी पट्टा ताणून घेणारी यंत्रणा आहे का, हे विचारा.

याच संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोनेटची उंची ४० इंचांहून, म्हणजे साधारण एक मीटरहून जास्त असलेल्या वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंत उंचीच्या उतरत्या बोनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. हे वाचल्यावर मी मुलाचे लाल स्टूल गाडीसमोर ठेवले, आत जाऊन बसले आणि पतींना ते हळूहळू पुढे सरकवायला सांगितले. स्टुलाचा वरचा काठ मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा ते बोनेटपासून जवळजवळ तीन मीटर दूर गेले होते. माझा मुलगा तेव्हा त्या स्टुलापेक्षा फार उंच नव्हता. त्या दिवसापासून गाडी सुरू करण्यापूर्वी मुले माझ्या डोळ्यांसमोर, आत पट्टा लावून बसलेली असल्याशिवाय मी चावी फिरवली नाही. पिकअप घ्याल तर मागच्याच नव्हे, पुढच्या बाजूलाही कॅमेरा असलेली घ्या आणि ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता आमच्याकडे लांब डिकीची मोटार आणि जोडायचा छोटा ट्रेलर आहे. जिथे नियम परवानगी देतात तिथे हा मार्गही विचारात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे दुसऱ्या गाडीला जागा नाही. ट्रेलर मात्र भिंतीला उभा करून ठेवता येईल असाही मिळतो.

जुनी वाहने

रंधा ताई, आपल्यासमोरचा पेच फार जुना आहे, म्हणून थोडी माहिती देतो. ऑस्ट्रेलियातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीला पत्र लिहून, रविवारी प्रार्थनेला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी मागितली, असे सांगितले जाते. ल्यू बँट या तरुण अभियंत्याने त्यासाठी मोटारीच्या केबिनला सलग जोडलेला हौदा आखला आणि १९३४ मध्ये ती गाडी बाजारात आली. तिच्यात एकच रांग होती; मुलांना बसवायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. मागच्या रांगेची सहा आसनी पिकअप अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्ये ट्रॅव्हलेट या नावाने आणली, आणि तिलाही दारे तीनच होती. मागच्या सीटसाठी जागा काढायची म्हणजे एक तर हौदा आखूड करायचा किंवा गाडी लांब करायची, आणि आजही प्रत्येक डबल केबिन या दोहोंपैकी काहीतरी सोडूनच बनते. आपण काय सोडू शकता, ते आधी ठरवा.

रंधा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही दोन दिवसांसाठी एक डबल केबिन भाड्याने आणली आणि आपण सांगितलेले सगळे करून पाहिले, म्हणून जे आढळले ते कळवते.

सपाट पायरी आणि खांबावरची मूठ असल्यावर सासूबाई दोन टप्प्यांत चढल्या आणि तीन वेळा उतरल्या. पुढच्या सीटवर त्यांना आराम वाटला. मागे बसल्यावर मात्र पाचव्या गतिरोधकाला त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि तेव्हा टायरमध्ये पूर्ण भाराची हवा होती, हे आम्हाला तक्ता पाहिल्यावर कळले. हवा कमी केल्यावर फरक स्पष्ट जाणवला, तरी त्रास संपला नाही. मुलाची सीट मी चालवत असताना माझ्या मागे व्यवस्थित बसते, पती चालवत असताना बसत नाही, आणि माल आणायला तेच जातात. मुलीचे स्टूल गाडीसमोर ठेवून पतींनीही पाहिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही असे ठरवले आहे की मुलाची सीट तोंड पुढे करून लावण्याच्या वयापर्यंत जुन्या कारची दुरुस्ती करून तीच वापरायची आणि मालासाठी भाड्याचे वाहन सुरू ठेवायचे. त्यानंतर कॉइल स्प्रिंगची, पुढेही कॅमेरा असलेली डबल केबिन घ्यायची, आणि सासूबाईंची जागा पुढे ठरलेली. त्यांनीच तसे बोलून दाखवले, तेव्हा मला बरे वाटले.

एक शंका उरली आहे. भाड्याच्या गाडीचा हौदा मोजला, तो दीड मीटर लांब आहे आणि चाकांच्या उंचवट्यांमधील अंतर १.१ मीटर आहे. प्लायवूडची शीट २.४४ बाय १.२२ मीटरची असते. ती आडवी, सपाट न्यायची असेल तर कशी ठेवावी?

कार्यशाळा

शीट उंचवट्यांच्या मध्ये बसणार नाही, ती त्यांच्यावरच टेकेल, त्यामुळे उंचवट्यांच्या उंचीइतक्या दोन-तीन लाकडी आडपट्ट्या हौद्यात रुंदीभर बसवून घ्या. आपल्या घरी ते काम अर्ध्या तासाचे आहे. त्यांतली एक केबिनजवळ आणि एक फाळक्याच्या अगदी अलीकडे हवी. फाळका उघडा ठेवल्यावर शीटचा सुमारे ९४ सेंटिमीटर भाग हौद्याबाहेर राहील, म्हणून उघड्या फाळक्यावरही त्याच उंचीची आडपट्टी टेकवा; मात्र फाळक्याचे दोन्ही केबल किती वजन पेलतात, ते पुस्तिकेत पाहून घ्या. बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधा, आणि मागचे दिवे व नंबरप्लेट झाकली जात नाही याची खात्री करा. किती भाग बाहेर चालतो, याचा नियम ठिकाणानुसार वेगळा असतो.

पट्टे दोन लावा, दोन्ही रॅचेटचे, आणि ते हौद्याच्या कड्यांनाच अडकवा. शीट एकमेकींवरून घसरतात, म्हणून एक पट्टा पुढच्या टोकावरून तिरका ओढून घ्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर त्या पुढे येणार नाहीत. निघाल्यावर दहा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण शीटमधील हवा निघून गठ्ठा दबतो आणि घट्ट वाटलेला पट्टा तोवर सैल पडलेला असतो.